१.१च ठेवावी

समाधान सरांच्या सातपूरच्या ऑफिसात लहानूकाकांचा फोटो सर्व्हरच्या वर टांगला, त्याला चंदनाचा हार घातला, आणि त्याखाली बसून त्यांच्यावर खापर फोडायची कायमची सोय झाली. प्रिंटर अडकला, काकांचं सेटिंग. नेट गेलं, काकांची वायरिंग. चहा पांचट झाला तेवढा अजून काकांवर आला नव्हता.

त्यांना जाऊन महिना होत आला, तेव्हा त्यांच्या मुलीला, सुवर्णाला, बोलावणं आलं. ती पुण्यात काकांसारखंच जावा प्रोग्रामिंगचं काम करायची. काकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधून दिंडोरीच्या गोटीरामशेठच्या द्राक्षपेट्यांच्या लेबलांवर पाच फेब्रुवारीऐवजी दोन मे छापलं गेलं होतं. कंटेनर बंदरावर अडकला होता.

“शेठचा चारला फोन येईल,” सर म्हणाले. “काकांनी लायब्ररीत घोळ करून ठेवलाय, असं सांगितलंय मी. तू नुसतं हो म्हण. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

सुवर्णा कामाला बसली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडचं गाठोडं, नावातच आवृत्तीचा आकडा. बिल्डच्या फाईलमध्ये ही नावं असत. त्यांवरून प्रोग्राम जुळत असे. शेजारी काकांचं टिपण होतं : ‘तारखेची लायब्ररी १.१च ठेवावी. १.२ आधी महिना वाचते, मग दिवस.’ घरी भाजीच्या पिशवीलाही ते चिठ्ठी लावत : ‘मेथी आधी संपवणे.’

गाठोड्यावर नाव १.१च होतं. तिनं ते सोडलं. आत १.२ निघाली. बिल्डच्या फाईलमधली एक ओळ बदलायचे कष्ट वाचवायला कुणीतरी नवीला जुनीचं नाव दिलं होतं. फाईल ठेवल्याची तारीख चोवीस जानेवारी, वेळ दुपारी साडेबारा.

त्या दिवशी साडेबाराला ती घरी पंगतीत वाढत होती. सरांचा फोन आला होता, ‘अर्जंट काम निघालंय, येता येत नाही.’

चार वाजता शेठ स्पीकरवर आले. “पोरी, तुझ्या बापानी असं कसं केलं गं?”

“लायब्ररी चोवीस जानेवारीला बदललीय, शेठ.”

“चोवीसला? चोवीसला तर मी तुमच्याकडं तेराव्याला जेवलो.”

“हो.”

“मंग लहानूभाऊ जेवून हापिसात गेले व्हते का?”

सर पुढे सरकले. “सर्व्हरचं घड्याळ चुकतं, शेठ.”

“ते बी त्यांनीच बिघडवलं आसंल.” फोन बंद झाला.

काकांच्या खणातल्या सीडीवर खरी १.१ होती. सुवर्णानं ती बसवली, बिल्ड केलं. पेटीच्या लेबलवर पाच फेब्रुवारी उमटली. मग बिल्डच्या फाईलमध्ये तिनं एक तपासणी घातली : आतली आवृत्ती नावाशी जुळली नाही, तर बिल्ड थांबेल आणि फाईल ठेवणाऱ्याचं नाव दाखवेल.

“नावाची गरज आहे का?” सरांनी विचारलं.

ती खुर्चीवर चढून फोटो उतरवत होती.

“हा कुठे नेतेस?”

“घरी. इथे त्यांना फार काम पडतं.”