वाघर आणि आमचे आबा

वाघर बँडबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करायला नको. सणसवाडीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते आणि खोलीवर आले की वाघरची गाणी लावते. त्यांतल्या चुका मला दिसत नाहीत.

वाघर म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवती लावतात ती जाळी. बँडला असलं नाव सुचायला माणूस धनगराचाच लागतो. गाणारा संपत शिरूरकडचा. गिटारवाला रौशन बिहारचा, माझ्याच गल्लीत भाड्यानं राहतो. पहिला अल्बम त्यांनी इथल्याच एका खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केला. दुसऱ्या गाण्यात मधेच कंपनीच्या बसचा हॉर्न वाजतो, तो त्यांनी तसाच ठेवलाय. पुढचा अल्बम पुण्याच्या स्टुडिओत झाला. त्यात हॉर्न नाही, सगळं धुऊनपुसून फळीवर मांडल्यासारखं आहे. तोही मी पाठ केलाय, पण जीव पहिल्यावर. त्यात संपतचा घसा फाटतो तो ऐकू येतो, आणि ढोल असा घुमतो की माझ्या खोलीतल्या डब्यांची झाकणं वाजतात.

त्यातलं ‘उगवतीचा माळ’ हे गाणं म्हणजे बिरोबाची ओवी. संपत एक ओळ गातो आणि एकदम गप्प होतो. मग बराच वेळ नुसता ढोल, आणि कधीतरी आरामात रौशनची गिटार येते. प्रत्येक ओळीनंतर हेच. या उशिरावरून मी इंटरनेटवर किती जणांशी भांडले असेन! एकानं लिहिलं, गिटारवाला चुकतोय. मी त्याला सुनावलं, की ही भटक्या माणसाच्या आयुष्यातली पोकळी आहे, तुला नाही कळायची. पोकळी! कुठून सुचलं होतं देव जाणे.

आमचं गाव शिरूर-दौंड रस्त्यापासून आत. माझे आजोबा, ज्ञानूआबा, तरुणपणी मेंढरं घेऊन फिरले. मग कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, रानात ऊस उभा राहिला. ओवी मात्र घरात राहिली. बिरोबाच्या जत्रेत देवळापुढं आबांचे जोडीदार सोपानआप्पा ओवी गायचे आणि आबा त्यांची झील धरायचे. म्हणजे आप्पांनी ओळ टाकायची, आबांनी तिचा शेवट उचलून लांबवर न्यायचा, आणि तेवढ्यात आप्पांनी पुढची ओळ मनात जुळवायची. दोघांनी जन्मभर हेच केलं. मग आप्पा वारले आणि आबा गायचे थांबले.

गावानं खूप विनवलं. आबांचं एकच उत्तर. "मी उचलनारा गडी. कुनी टाकल्याबिगर उचलू काय?" आमच्यात झील धरणारा स्वतः ओवी सुरू करत नाही. तसा लेखी नियम नाही कुठं, पण आबांच्या लेखी आप्पांच्या जागेवर उभं राहणं म्हणजे आप्पांना ढकलून दिल्यासारखं होतं. हळूहळू जत्रेत डीजे आला. त्या दिवशी आबा लवकर भाकरी खाऊन तोंडावर घोंगडी ओढून पडायचे. ज्या देवाला आयुष्यभर आळवलं त्याच्या दाराशी जायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. गळा शाबूत आहे तोवर या माणसानं एकदा बिरोबापुढं गावं, एवढंच मला हवं होतं. पण मला हवं म्हणून आबांनी आजवर कधी चहासुद्धा जास्तीचा घेतलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे डोळे दाखवायला मी त्यांना भावाच्या पिकअपमधून दौंडला नेत होते. अर्थात वाघर लावलेलं. आबा आधीच वैतागलेले.

"ह्येच्या घशाला काय झालंय? दावाखान्यात न्या म्हनावं."

"आबा, आपलीच ओवी हाय ती. ऐका तरी."

"आपली आसती तर मला कळली नसती व्हय?"

रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं, गाणं चालू ठेवलं. मालगाडी काही येईना. संपतनं ओळ टाकली, ‘उगवतीच्या माळावरी देव माझा उभा राहिला’, आणि नेहमीप्रमाणे गप्प झाला. नुसता ढोल उरला. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "उभा राहिला गं, जी जी, उभा राहिला." बारीक, थरथरता, पण सुराला घट्ट. आबांचा हात कानावर गेला होता. ते सूर नेऊन थांबले आणि बरोबर तिथंच रौशनची गिटार आली, जराही उशिरा नाही. पुढच्या ओळीलाही तसंच. मी स्टिअरिंग धरून बसले आणि रडायला लागले. फाटक कधी उघडलं कळलं नाही, मागच्यांनी हॉर्न मारून मारून कळवलं.

"रडाया काय झालं?" आबा म्हणाले. "त्यानं वळ टाकली, म्या उचलली. जागा मोकळीच व्हती."

सणसवाडीला परतल्याबरोबर रौशनला गाठलं. तो हसला. "अरे दीदी, वो जगह तो खाली ही रखी है." संपतच्या गावात झील धरणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानं ती जागा सोडून दिली होती. तिथं दुसऱ्या कुणाचा आवाज घालायला तो तयार झाला नाही. माझी पोकळी गेली चुलीत. मी संपतला फोन लावून आबांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, जत्रेला मी येतो. आबांनी माझ्या मागं झील धरली तर मला आजून काय पायजे?"

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते उठून रानाकडं निघून गेले. पण जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांनी फेटा धुऊन वाळत घातला. घरात कुणी त्यावर बोललं नाही, मी सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी रौशनचा फोन आला. संपतचा घसा पूर्ण बसलाय, डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केलीय. ज्या घशावर मी इतकी वर्षं जीव टाकला तो नेमका आजच बसायचा होता! मला इतका राग आला की मी रौशनवरच ओरडले, मग माफी मागितली. आबा फेटा बांधून ओट्यावर तयार होते.

"येत न्हाई का त्यो?" त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं.

"न्हाई आबा. पन गानं हाय माझ्याकडं. मोठ्या स्पीकरवर लावते."

ते उठतील असं वाटलं नव्हतं, पण उठले. देवळापुढं भंडारा उधळून झाला होता, सगळी जमीन पिवळी झालेली. डीजेवाल्या पोरांना मी अर्धा तास मागितला, त्यांनी कुरकुरत दिला. गाणं लागलं. संपतनं ओळ टाकली, आबांनी उचलली. बायका पुढं सरकल्या, म्हातारी माणसं उठून उभी राहिली. दुसरी ओळही जमली. पण तिसऱ्या ओळीला आबांना देव दिसला असावा. त्यांनी सूर धरला तो सोडेचनात, डोळे मिटलेले, मान वर. आणि स्पीकरमधून संपतची चौथी ओळ धडकन त्यांच्या अंगावर येऊन पडली. आबा मधेच तुटले. पुन्हा धरायला गेले, तोवर गाणं पुढं गेलं होतं. त्यांनी हात कानावरून खाली घेतला.

"ते थांबत न्हाई गं," ते म्हणाले. "आप्पा थांबायचा."

मी गाणं बंद केलं. माझ्या त्या लाडक्या रेकॉर्डिंगचा आयुष्यात पहिल्यांदा मला संताप आला. आबा घराकडं वळले. ते आता गेले तर पुन्हा कधी इथं येणार नाहीत हे मला स्वच्छ कळत होतं, आणि गावालाही कळत असावं.

आमच्यात बायका ही ओवी म्हणत नाहीत. शिवाय माझा आवाज म्हणजे क्वालिटीत पहिल्या झटक्यात रिजेक्ट होणारा माल. पण शब्द न् शब्द पाठ होता. मी कानावर हात ठेवला आणि ओळ टाकली. चढी लागली, मग उतरली, संपतसारखी फाटली. कुणीतरी हसलं. पाठमोरे आबा थांबले. मी वाट बघत राहिले. आणि त्यांनी वळायच्या आधीच ओळ उचलली.

मग आम्ही दोघं गात राहिलो. ते पाहिजे तितका सूर लांबवायचे, मी थांबायचे. ढोलवाले येऊन कधी मिळाले तेही कळलं नाही. संपतच्या गाण्यात ओळी किती असणार? त्या संपल्या. पुढची ओवी मला येत नव्हती, कारण ती कुणी रेकॉर्डच केलेली नाही. मी तोंड उघडलं आणि काहीच निघेना. ढोल वाजत होता. मी आबांकडं बघून मान हलवली, की संपलं, एवढंच होतं माझ्याकडं.

आबांनी देवळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः पुढची ओळ टाकली. टाकून ते गप्प झाले आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबले.

मी उचलली.