ग्लोव्ह्जखालचा पुष्कराज

"निरुपमाबेन, सर अंगठी काढायला ना पाडतात!" शिकाऊ सिस्टर मनाली धापा टाकत आली. "म्हणतात, गुरूचा पुष्कराज आहे, मेलो तरी निघणार नाही."

मग मर की मेल्या, निरुपमाच्या मनात आलं. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "साबणाचं पाणी घे. मी बघते."

लक्ष्मीकांत सर म्हणजे बडोद्यातलं मोठं नाव. जन्मभर याच इस्पितळात लोकांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि आज स्वतः हिरवा गाऊन घालून खाटेवर बसले होते. पोटातले खडे काढायचे, बोटावरचा मात्र ठेवायचा!

निरुपमा इथली संसर्ग नियंत्रणाची सिस्टर. कुणी हात धुतले, कुणी नाही, हे बघणं तिचं काम. या कामावर आली त्याच दिवशी तिनं अंगठी आणि बांगड्या उतरवल्या होत्या. तरसालीला, सासरच्या घरात केवढा गहजब! "सवाष्ण बाई आणि भुंडे हात? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस का?" सासूबाई कडाडल्या होत्या. सुभाष, तिचा नवरा, नुसता हसला होता. "आई, त्याच हातांनी माणसं जगतायत ना? मग झालं तर!"

तोच सुभाष हर्नियाच्या ऑपरेशनला सरांकडे गेला. बघता बघता जखम चिघळली, विष अंगभर पसरलं आणि माणूस गेला. सरांनी ज्यांची ड्रेसिंगं केली, त्यातल्या आणखी दोघांच्या जखमेत तोच जंतू निघाला. निरुपमानं पाया पडून विनवलं, अंगठीखालचा नमुना तपासू द्या. सर हसले. "ग्लोव्ह्जखाली असते गं ती. काही होत नाही." शेवटी खापर फुटलं सफाईवाल्या विश्रामच्या डोक्यावर. नोकरी गेली बिचाऱ्याची. आणि तेराव्याला सासूबाई तिच्या मनगटांकडे बघत म्हणाल्या, "मी सांगत होते."

आता ती खाटेपाशी उभी राहिली. "सर, अंगठी."

"राहू दे ना गं. एवढ्यानं काय होतंय?"

"खरंय. आज तुमचं ऑपरेशन करणारे डॉक्टर उत्कर्षही तेच म्हणतात. तुमचेच चेले ना! तुमच्यासारखाच पुष्कराज घेतलाय त्यांनी. तो घालूनच ऑपरेशन करतात."

सरांचा चेहरा खाडकन उतरला. "अंगठी घालून? माझ्या पोटात हात घालणार?"

"ग्लोव्ह्जखाली असते, सर. काही होत नाही."

किती वर्षं हे वाक्य तिनं सांभाळून ठेवलं होतं! ते परत करताना काळजाला गारवा वाटला, आणि त्याची तिला तिळमात्र लाज वाटली नाही.

"त्याला काढायला सांग, निरुपमा. हात जोडतो तुला."

"मी तर पाया पडले होते, सर."

सरांनी हळूच बोट पुढे केलं. तिनं साबण लावून अंगठी फिरवत फिरवत काढली. खाली काळपट मळाचं कडं होतं. तिनं तो हात त्यांच्याच डोळ्यांपुढे धरला.

"झाले तुमचेही हात भुंडे. घाबरू नका. भुंड्या हातांनी कुणी मरत नसतं."

बाहेर येताच मनाली कुजबुजली, "पण उत्कर्ष सरांची अंगठी तर तुम्ही सकाळीच काढून घेतलीत ना? मग सरांना सांगितलं का नाही?"

"जाऊ दे आत घाबरत," निरुपमा म्हणाली. "माझा सुभाष विश्वासानं गेला होता."

तिनं सरांची अंगठी ट्रेमध्ये उत्कर्षच्या अंगठीशेजारी ठेवली, नळ सोडला आणि हात धुवायला लागली.