आता थांबू नका

आरोग्य विमा कार्यालयाच्या तळमजल्यावर सहा खिडक्या होत्या, आणि चौथ्या खिडकीमागे ज्या बाई बसत त्यांना सगळं कार्यालय 'चार नंबर' म्हणायचं. एकोणीस वर्षं त्या तिथंच होत्या. साहेब बदलले, संगणक बदलले, काचेतल्या बोलायच्या भोकावरची जाळीसुद्धा दोनदा बदलली, चार नंबर काही हलल्या नाहीत. स्वभावाने कडक, पण नियम समजेपर्यंत समजावून सांगायच्या. त्यामुळे टोकन घेताना माहीतगार लोक मनातल्या मनात म्हणायचे, आपला नंबर चारवर लागू दे.

त्या वर्षी त्यांच्या गळ्यात एक भिजत घोंगडं पडलं होतं. सरकारी विमा अगदी गरिबांना मिळायचा. त्यांच्यापेक्षा पायरीभर वरचे, म्हणजे राबून कसंबसं भागवणारे पण दवाखान्याचं नाव काढलं की गार पडणारे, ते अधांतरी होते. त्यांनाही योजनेत घ्यायचं असं सरकारच्या मनात आलं होतं. मसुदा तयार होता, अर्ज घ्यायचा हुकूमही आला होता. निर्णय तेवढा व्हायचा होता. तोवर आलेल्या प्रत्येक अर्जावर 'प्रलंबित' असा शिक्का मारायचा आणि तो लोखंडी कपाटात ठेवून द्यायचा, एवढंच काम.

असाच अर्ज घेऊन एका सोमवारी शिलाईवाली आली. एका लाँड्रीच्या कोपऱ्यात मशीन टाकून ती लोकांचे कपडे ठीकठाक करून द्यायची. पँट आखूड कर, चेन बदल, लग्नानंतर वाढलेल्या माणसाचा कोट दोन बोटं उसव. नवरा कधीच गेलेला. घरात ती आणि तिची मुलगी. मुलगी पावाच्या कारखान्याची गाडी चालवायची, आणि तिचा पगार धरला की दोघी उत्पन्नाच्या मर्यादेच्या जराशा वर जायच्या. शिलाईवालीने अर्ज काचेखालच्या फटीतून आत सरकवला आणि जाळीशी तोंड आणून हळूच विचारलं, "ताई, इथं सध्याचा आजार म्हणून एक रकाना आहे. तिथं काय लिहू?"

"आहे का काही?"

तिने इकडंतिकडं पाहिलं आणि काखेखाली बोट टेकवलं. "इथं गाठ लागते. वाटाण्याएवढी. दुखत वगैरे नाही."

"कुणाला दाखवलीत?"

"अजून नाही."

बाई खुर्चीतून पुढं झुकल्या. हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही असंच सांगितलं असतं. "मग आत्ता दाखवू नका. एकदा कागदावर आलं की तो जुना आजार ठरतो, आणि जुन्या आजाराला दोन वर्षं विमा लागू होत नाही. महिन्याभराचा प्रश्न आहे. कार्ड हातात पडलं की दुसऱ्या दिवशी जा."

शिलाईवालीने रकान्यात आडवी रेघ मारली. तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. बाईंनाही बरं वाटलं. नियमाच्या जंगलातून कुणाला तरी सुखरूप पलीकडं नेल्यासारखं.

महिना झाला. अधिवेशन गोंधळात संपलं आणि विधेयक पुढं ढकललं गेलं. मग ते समितीकडं गेलं. समितीने वित्त खात्याचा अभिप्राय मागवला, वित्त खात्याने आकडे परत पाठवले, त्यात निवडणुका लागल्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिलाईवाली यायची, खांबाजवळच्या खुर्चीवर बसायची आणि नंबर चार सोडून दुसऱ्या कुठल्या खिडकीवर लागला तर तो मागच्याला देऊन टाकायची. चारवर आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय म्हणतंय सरकार?" बाईंचं उत्तरही ठरलेलं, "पुढच्या महिन्यात म्हणतंय."

एकदा तिचं लक्ष बाईंच्या बाहीकडं गेलं. मनगटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. ती म्हणाली, हात द्या इकडं. रक्त द्यायला बसावं तसा बाईंनी हात फटीतून बाहेर काढला आणि तिने पिशवीतून सुईदोरा काढून तिथंच बटण शिवून दिलं. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, इथं लाच आता शिलाईतही चालते वाटतं. सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. हसण्याच्या बाबतीत त्यांची ख्याती नव्हती.

सहाव्या महिन्यात बाईंनी आपण होऊन विचारलं, गाठ कशी आहे? "आहे तशीच," ती म्हणाली, जरा जास्तच पटकन. पण पिशवी तिने डाव्या हाताने उचलली. उजवा हात अंगाशी धरून ठेवला होता. बाईंनी ते पाहिलं. त्यांना कळलंही. आजच्या आज दाखवा, राहू दे तो विमा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण तसं म्हटलं तर गेल्या सहा महिन्यांचं काय, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "येत्या अधिवेशनात नक्की होतंय. एवढं थांबलात, आता थोडक्यासाठी कशाला?"

अकराव्या महिन्यात निर्णय झाला. कार्यालयात पेढे नव्हते तरी पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. शासनाचा आदेश बाईंनी जागेवर बसून शेवटपर्यंत वाचला. नवव्या कलमापाशी त्यांची नजर अडकली. लाभार्थ्याला आधीपासून असलेले सर्व आजार पहिल्या दिवसापासून योजनेत धरले जातील. त्यांनी ते कलम तीनदा वाचलं. म्हणजे पहिल्याच दिवशी शिलाईवाली डॉक्टरकडं गेली असती, रकान्यात आजाराचं नाव लिहिलं असतं, तरी काही बिघडलं नसतं.

साहेबांना समारंभासाठी एक चेहरा हवा होता. पहिलं कार्ड मंत्र्यांच्या हस्ते द्यायचं होतं. बाईंनी शिलाईवालीचं नाव सुचवलं. का सुचवलं, हे त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नाही. समारंभात ती तिनेच शिवलेला निळा पोशाख घालून आली, कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली आणि फोटोवाल्याने हसायला सांगायच्या आधीच हसली. निघताना बाईंचा हात धरून म्हणाली, "ताई, उद्याच जाते."

ती दुसऱ्या दिवशी गेली. गाठ तोवर एकटी राहिली नव्हती. विम्याने सगळं दिलं, कशाला नाही म्हटलं नाही. नऊ आठवड्यांनी ती गेली. बाईंना कळलं ते संगणकावर. कार्डाच्या नोंदीपुढं 'बंद' असा शेरा आला आणि कारणाच्या रकान्यात एक शब्द.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुख्यालयातून भित्तीपत्रकं आली. साहेबांनी त्यातलं एक उलगडून चार नंबरच्या समोरच्या भिंतीवर लावलं. निळ्या पोशाखात शिलाईवाली हसत होती, कार्ड छातीशी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता थांबू नका.'

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, ती बाई वारली, हे काढा. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, हळहळले, मग म्हणाले की चाळीस हजार प्रती छापून झाल्या आहेत, राज्यभर गेल्या आहेत आणि लोकांना काय माहीत ती कोण. उलट त्या फोटोमुळं अर्ज वाढलेत. ते खोटंही नव्हतं. अर्ज खरंच वाढले होते. रोज नवी माणसं त्या चेहऱ्याखाली रांग लावून उभी राहायची, आणि ती त्यांच्या डोक्यांवरून सरळ चार नंबरकडं पाहायची.

पुढं पुढं ती सगळीकडं दिसू लागली. बसथांब्यावर, औषधांच्या दुकानात, पोस्टाच्या दारावर. सरकारी दवाखान्यात तर कुणा शहाण्याने ते भित्तीपत्रक लिफ्टच्या दारावर चिकटवलं होतं. दार उघडलं की तिचा चेहरा मधोमध दुभंगायचा, मिटलं की पुन्हा जुळायचा. सासऱ्यांचं औषध आणायला गेलेल्या बाई लिफ्ट सोडून चार मजले जिन्याने चढल्या. बसथांबा टाळण्यासाठी त्या कालव्याच्या बाजूने घरी जाऊ लागल्या आणि रोज अर्धा तास उशिरा पोचू लागल्या. नवऱ्याने एकदा थट्टेत विचारलं, आपला पत्ता बदललाय का? त्या तशाच स्वयंपाकघरात निघून गेल्या, तेव्हा त्याने थट्टा आवरती घेतली.

भरदुपारी, रांग संपलेली असताना, काचेपलीकडं कुणी नसताना, जाळीतून त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, काय म्हणतंय सरकार? पहिल्यांदा त्यांनी मान वर करून पाहिलं. नंतर पाहायचं सोडलं. मग एका दुपारी त्यांच्या तोंडून चक्क उत्तर निघून गेलं, आणि शेजारच्या पाच नंबरने विचारलं, कुणाशी बोलताय?

अशातच एके दिवशी शिलाईवालीची मुलगी आली. कारखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर, बाहीला पीठ. तिने आईचं नाव सांगताच बाईंना वाटलं, ही भांडायला आली. पण मुलगी भांडायला आली नव्हती. तिला त्या भित्तीपत्रकाची एक प्रत हवी होती. आईचा गेल्या काही वर्षांतला दुसरा चांगला फोटोच नव्हता, म्हणाली. मग जाळीशी वाकून म्हणाली, आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. त्या खिडकीतल्या ताईंनी जेवढं समजावून सांगितलं तेवढं कुणी सांगितलं नाही म्हणायची.

बाईंनी मुख्यालयात चार फोन केले, दोन अर्ज केले आणि खालची अक्षरं नसलेला मूळ फोटो मिळवला. मुलीचा पत्ता त्यांच्याकडं होताच. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या तिथं गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मशीनवर चादर टाकलेली. भिंतीलगतच्या दांडीवर दहाबारा कपडे अजून लटकत होते, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. 'कंबर एक इंच', 'अस्तर', 'घाई नाही'. मुलगी म्हणाली, लोक न्यायला येत नाहीत, लाजतात बहुतेक.

तिने फोटो घेतला, बराच वेळ पाहिला आणि चहा टाकायला उठली. बाई म्हणाल्या, बसा, मला काही सांगायचंय. आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या सोमवारचं सांगितलं, नवव्या कलमाचं सांगितलं. तेवढ्यावर थांबायचं असं घरून ठरवून आल्या होत्या. पण बोलता बोलता सहावा महिनाही तोंडून गेला. डाव्या हाताने उचललेली पिशवी आणि आपण गिळलेलं वाक्य, सगळं.

मुलगी ऐकत होती. फोटो तिच्या मांडीवर होता.

"घरी म्हणायची, शिवण टोचते," ती शेवटी म्हणाली. "मी तिला सैल कपडे घाल म्हणून सांगायचे."

बाईंची नजर दांडीवरच्या कपड्यांकडं गेली.

"पहिल्या दिवसाचं मी समजू शकते, मॅडम. नियम तुमचे नव्हते." तिने फोटो मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "पण हे सगळं मला कशाला सांगितलंत? मी तुमचे आभार मानून मोकळी झाले होते. ते घेऊन मला जगता येत होतं. आता हे मी कुठं ठेवू?"

माफ करा म्हणायला त्या आल्या होत्या, ते म्हणायचं राहूनच गेलं. मुलीने दार उघडून धरलं. आवाज चढवला नाही, दार आपटलंही नाही. जिना उतरताना बाईंना छातीवरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि ते कुणाच्या अंगावर टाकून आपण निघालो आहोत हे पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत लक्षात आलं.

त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं. कार्डाची वाट पाहत तपासणी लांबवू नका, अशी सूचना प्रत्येक खिडकीवर लावावी, आणि आपण स्वतः कुणाला काय सल्ला दिला होता तेही लिहिलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' सूचना लागली नाही. त्यांच्यावर कारवाईही झाली नाही. कारवाई झाली असती तर बरं, असं त्यांना कितीतरी दिवस वाटत राहिलं. मग त्यांनी सूचना स्वतःच्या हाताने लिहून आपल्या काचेवर चिकटवली, आणि साहेबांनी ती पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आई गेल्याने घरातल्या माणसांची संख्या बदलली होती, त्यामुळं मुलीला नवा अर्ज भरावा लागणार होता. ती एका बुधवारी सकाळी आली. टोकन घेऊन दाराजवळ बसली. थोड्या वेळाने फलकावर तिचा आकडा लागला आणि त्यापुढं खिडकीचा, चार.

बाईंनी आकडा पुकारला. मुलीने त्यांच्याकडं पाहिलं. रागाने नव्हे, बस येईपर्यंत समोरच्या इमारतीकडं पाहावं तसं. ती उठली नाही. बाईंनी दुसऱ्यांदा पुकारला. तिसऱ्यांदा पुकारल्यावर नंबर रद्द करावा लागतो, तो त्यांनी रद्द केला. मुलगी उठून नवं टोकन घेऊन आली. तासाभराने पुन्हा चार लागला. पुन्हा तीनदा पुकारणं, पुन्हा रद्द. रांगेतल्या लोकांना वाटलं, बिचारीला कमी ऐकू येतं. एका म्हाताऱ्याने तिला खूण करून दाखवलं, तिने त्याला हात जोडून नको म्हटलं.

दुपारी तिला दोन नंबरची खिडकी मिळाली. तिचं काम दहा मिनिटांत झालं. बाईंना दोन खिडक्या पलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

त्या दिवसापासून जाळीतून कुणी काही विचारलं नाही. पाच नंबरलाही कधी पुन्हा विचारावं लागलं नाही, कुणाशी बोलताय म्हणून. रांग संपली की बाई समोरच्या रिकाम्या काचेकडं पाहत बसायच्या, आणि कुणीतरी विचारावं म्हणून कान देऊन थांबायच्या.