लिटरभर मिठाचं पाणी

भाचीने तपासणीच्या कागदावर सही केली नाही. गोदामात मिठाच्या पाण्याचे कॅन भरलेले, लेबलं चिकटलेली, गाडी दाराशी उभी. आणि ही प्रयोगशाळेत पेनाला टोपण लावून बसलेली.

हे पाणी जाणार होतं दवाखान्यात, रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांना. लेबलावरचा आकडा बघूनच तिथे ते पातळ करतात. आकडा खऱ्यापेक्षा कमी असला तर पाणी खारट राहणार, आणि तो खारटपणा हळूहळू कुणाच्या तरी रक्तात उतरणार.

लेबलावरचा आकडा मामांनी काढलेला. कारखानाही त्यांचाच, आणि भाचीला रसायनांची गोडी लावणारेही तेच. वजनाने दहा टक्के मीठ म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम, भागिले मिठाचा रेणुभार साडेअठ्ठावन्न, आले एक पूर्णांक एकाहत्तर मोल. त्यात बघायचंय काय, असं त्यांचं म्हणणं.

"मामा, तुम्ही लिटरभर साधं पाणी धरलंत, हजार ग्रॅमचं. हे लिटरभर मिठाचं पाणी आहे."

मामा हसले. शब्दांचा कीस पाडायची खोड तिला आईकडून आली, म्हणाले.

तिने रिकामा चंबू काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला, आणि कॅनमधलं पाणी लिटरच्या खुणेपर्यंत अलगद ओतलं. एक हजार सत्तर ग्रॅम. त्याचे दहा टक्के एकशे सात. मोल झाले एक पूर्णांक त्र्याऐंशी.

मामांनी काट्यावरचा आकडा वाकून वाचला. चूक त्यांना कळली होती, हे तिलाही कळलं. पण लेबलं छापून झाली होती, दवाखान्याला शब्द गेला होता.

"या मोलाचं मोल कोण देणार? तू?"

"तुम्ही. नाहीतर यंत्राला जोडलेला माणूस देईल."

मग मामांचा पारा चढला. बहिणीच्या लेकीला बोटाला धरून शिकवलं ते हे ऐकायला का, सही करणारी दुसरी उद्या उभी करतो, असं बरंच काही. करा उभी, ती शांतपणे म्हणाली. बादलीत कोमट पाणी घेतलं, खांद्यावर फडकं टाकलं, आणि गोदामात शिरून आतून कडी घातली.

मामांनी दार वाजवलं. आधी मालकासारखं, मग मामासारखं.

"उघड गं पोरी."

"सगळी लेबलं निघाली की उघडते."

आणि दारापलीकडून ओला कागद सोलल्याचा आवाज येत राहिला, एकामागून एक.