दहा मिनिटं चालवला

एसीचं बटण दाबलं की बोनेटखाली टक्क असा आवाज यायला हवा. कंप्रेसरच्या तोंडावरची चकती पट्ट्यावर फिरणाऱ्या चाकाला चिकटते, त्याचा तो आवाज. आमच्या एकोणीस वर्षांच्या गाडीत तो सहा वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

मला तो शुक्रवारी ऐकायचाच होता. मोठी मावशी सोमवारी घर बंद करून मुलाकडे परदेशी निघाली होती, कायमची. त्याआधी दोन दिवस आईला तिच्याजवळ राहायचं होतं. मावशीचं घर आमच्यापासून सहा तासांवर. सहा वर्षांपूर्वी, एसी बंद पडलेला असताना, भर उन्हात त्याच रस्त्यावर आई गाडीत बेशुद्ध पडली. तेव्हापासून तिनं धसका घेतला. दुसरी गाडी करू म्हटलं तरी ती म्हणायची, "नको गं, माझंच शरीर नाजूक." दर उन्हाळ्यात फोनवर बहिणीची माफी मागायची. या वेळी मात्र म्हणाली, "आपली गाडी गार होणार असेल तर येते." म्हणून मी रजा काढून आले.

"गॅस गेलाय त्याचा," बाबा म्हणाले. "आणि या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. शास्त्रज्ञबाई, हे तुमच्या पुस्तकात नसतं."

बाबा बाहेर पडल्यावर मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं.

"काका आहेत का वर?" त्यानं आधी विचारलं. "बोनेटला हात लावला तर माझाच गॅस काढतील."

त्यानं दाब मोजायचं मीटर जोडलं आणि भुवया उंचावल्या. "गॅस आहे की, ताई."

मी आकडा फोनवर शोधलेल्या दाब-तापमानाच्या तक्त्याशी ताडून पाहिला. बंद नळीत गॅसचा थोडा तरी द्रव शिल्लक असेल, तर दाब बाहेरच्या तापमानावरून ठरतो. आकडा जुळत होता. गॅस गेला होता हे खोटं होतं. निदान चूक तरी होती. मग मेकॅनिकनं इंजिन सुरू करून बॅटरीपासून एक वायर थेट कंप्रेसरला लावली.

टक्क.

पाच मिनिटांत गाडीतल्या एसीच्या झरोक्यापाशी धरलेला थर्मामीटर एकोणचाळीसवरून नऊवर आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण मेकॅनिक कंप्रेसरकडे पाहत डोकं खाजवत होता.

"सहा वर्षं पडून राहिलेला कंप्रेसर असा नसतो, ताई. सील सुकतं, गॅस उडून जातो. हा बघा, काल लग्न झाल्यासारखा पळतोय. याला कुणीतरी चालवतंय."

"कोण चालवणार?"

"भूत असेल. शिकलेलं भूत."

फ्यूज शाबूत होता. उरला रिले: काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा काळा ठोकळा. बटणाचा बारीक प्रवाह त्याला सांगतो, आणि तो मोठा प्रवाह कंप्रेसरकडे सोडतो. फ्यूजच्या डबीच्या झाकणावरच्या नकाशात त्याची जागा दाखवली होती. झाकण उघडलं तर ती जागा रिकामी. आतली पितळी पातीही काळवंडलेली नव्हती. लख्ख होती.

"पडला असेल का कुठे?"

"हा पडत नाही. ओढून काढावा लागतो." मेकॅनिकनं हात पुसले. "दुकानातून घेऊन येऊ?"

"थांबा. वर एखादा असेल."

बाबा छत्तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होते. गॅलरीतल्या कपाटात त्यांनी घरातला प्रत्येक स्क्रू पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवलाय. 'हॉर्नचा फ्यूज, जुना.' 'वायपरचा नट, जादा.' तिसऱ्या खणात मला हवं ते सापडलं. 'एसी रिले. चालू स्थितीत काढला.' खाली तारीख.

ती तारीख आमच्या त्या प्रवासाच्या आदल्या दिवसाची होती.

पिशवीत घडी घातलेला कागदही होता. दर महिन्याची एक तारीख आणि पुढे तेच शब्द: 'बसवून १० मि. चालवला. ठीक.' मी मोजल्या. एकाहत्तर. एक महिना सुटला होता. तेव्हा बाबा दवाखान्यात होते. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची.

बाबा आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पिशवी त्या घड्यांशेजारी ठेवली.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला. "रिले. लिहिलंय ना वर."

"चालू आहे म्हणून लिहिलंय."

"चालूच आहे. मी खराब वस्तू ठेवतो का?"

"का काढलात?"

"तो चढ बघितलायस? चार माणसं, सामान, वर एसी. इंजिन बसलं असतं. सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? जरा लावा, जरा लावा, सगळा रस्ता तेच."

"आई बेशुद्ध पडली, बाबा."

"तेव्हा कसं सांगणार?"

"आणि नंतर?"

"नंतर राहून गेलं."

"एकाहत्तर वेळा?"

"मशीन नुसतं ठेवलं की मरतं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना येत होतं, म्हणून ते ठामपणे आलं. "महिन्यातून एकदा चालवावंच लागतं."

आईनं कागद हातात घेतला होता. एकेका ओळीवरून बोट फिरवत ती सावकाश खाली येत होती. एका तारखेपाशी बोट थांबलं.

"या दिवशी वीज गेली होती," ती म्हणाली. "मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडले होते. तुम्ही म्हणालात, खाली जाऊन बघतो, कधी येतेय ते." मग तिनं वर पाहिलं. "काचा बंद करून बसत होतात, अहो?"

"टेस्टिंगला काचा बंदच लागतात," बाबा म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. मावशीच होती.

"येतेय गं," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "उद्या पहाटेच निघतो. हो, झाली एकदाची दुरुस्त. लेकीनं केली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत उभे होते. "काही नाही गं, एक बारीकसा पार्ट जळला होता म्हणे. सापडतच नव्हता इतकी वर्षं."

"आई!"

तिनं माझ्याकडे न बघता तळहात वर केला.

"छे, यांचा काय दोष? त्यांना तरी काय कळणार. आणि तेव्हा मलाच झेपलं नाही ना, माझंच शरीर तसलं."

बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली. "चाकातली हवा बघून घेतो," ते हळूच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. जिन्यावर त्यांची पावलं हलकी वाजत होती.

मी पिशवी फाडून रिले मुठीत घेतला आणि त्यांच्या मागोमाग उतरले. तो मला त्यांना बसवू द्यायचा नव्हता.