कळ्या खुडते आहे

आमचे हे बहात्तरच्या दुष्काळात कुर्गाकडे कॉफीच्या मळ्यावर कामाला गेले. सोनईत मागे राहिलो मी, सासूबाई आणि यांनी आदल्या वर्षी लावलेली चाळीस कागदी लिंबं. ती मी घागरीनं पाणी घालून जगवली.

चौथी शिकले आहे, म्हणून यांची पत्रं मीच वाचते. पण त्यांत असायचं काय? सगळी कॉफी. "कॉफीच्या दोन ओळींत शेवरीच्या जातीचं झाड पेरतात. कमरेला लागलं की फुलाआधी छाटायचं, पाला खत म्हणून कॉफीच्या बुडात घालायचा. फूल आलं की काडी जून होते, कुजत नाही. एवढी छाटणी उरकली की येतो." छाटणी उरकायची, झाड पुन्हा फुटायचं आणि यांचं येणं पुढे जायचं. समोर असतं तर ते झाड मी मुळासकट उपटलं असतं.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. पत्र आलं, "लिंबाच्या ओळींत शेवरी पेर. पहिली छाटणी मी येऊन करीन." हे शेवटचं वाक्य किती वेळा वाचलं, सांगायची लाज वाटते. त्याच दिवशी शेजारच्या पानमळ्यातून शेवरीचं बी आणलं.

शेवरी कमरेला आली. सासूबाई म्हणाल्या, "साळू, छाट गं. फूल धरंल."

"त्ये येनार हायेत, आत्याबाई."

शेवरी डोक्यावर गेली. दिवाळीत पिवळी फुलं आली, मग शेंगा लोंबल्या. एसटीचा आवाज आला की मी बांधावर. आस लागली होती, दुसरं काय!

हे पौषात आले. पिशवी ओट्यावर टाकून थेट शेतात गेले. एक काडी वाकवून बघितली.

"ही काय लाकडं केलीस? फुलाआधी छाटायचं म्हनून लिव्हलं हुतं न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. "मी येऊन छाटीन, आसंबी लिव्हलं हुतं. तितली येळच्या येळी छाटता. हितल्या येळंला कुटं हुता?"

ते विळा घेऊन ओळीत शिरले. चार दिवस छाटत राहिले. प्रत्येक बुंधा गुडघ्याएवढा, सारखा. मी मागून पाला बुडात घालत होते, काड्या जळणाला बांधत होते. लग्न झाल्यापासून इतका वेळ आम्ही एका ओळीत कधी नव्हतो. ते काम संपूच नये असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी यांनी पिशवी भरली. "तिकडं आता कमरेला आलं आसंल. हितलंबी फुटंल. ह्या टायमाला तू छाट."

"मी न्हाई छाटायची."

"मग येतो मी. फुलाआधी."

शेवरी पुन्हा कमरेच्या वर गेली आहे. विळ्याला धार लावून ठेवली आहे. परवा पहिली कळी दिसली, ती मी खुडून टाकली. काल सात-आठ दिसल्या. आज सकाळपासून ओळीओळीनं हिंडून सगळ्या कळ्या खुडते आहे. फूल येऊ दिलं नाही, की यांना यायला अजून वेळ आहे.