लवूच्या पोटातली गरी

अठरा वर्षं संसार केला, तरी हिराने आपला नवरा आतून कधी बघितला नव्हता. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी ती काळी फिल्म उजेडावर धरली मात्र, लवूच्या बरगड्या, कणा, सगळं पांढरं पांढरं दिसायला लागलं आणि हिराच्या हातातली पिशवी धपकन खाली पडली.

"गेले काय ओ हे?" ती किंचाळली.

"जिवंत आहेत, बाई. ते बघा, बाकावर बसलेत," डॉक्टर म्हणाले. "पण मला हे सांगा, एक्स-रेत पोटात गळासारखं काय दिसतंय?"

आठ दिवस लवू पोट धरून लोळत होता. हिराने ओवा चावायला दिला, देवाला कौल लावून बघितला. आणि कारण तर हे इथे, आतड्यात रुतून बसलेलं!

ती नाक लावून बघायला लागली. मासे धरायची गरीच होती. तीही साधी नव्हे. माथ्याला दोन वेढे, टोक एका बाजूला मुरडलेलं. जन्मभर मासे विकलेल्या हिराला कुणाची गरी कुठली हे न सांगता कळायचं. अख्ख्या मालवणच्या किनाऱ्यावर असली गरी एकच माणूस वळायचा. लवूचा थोरला भाऊ, बाबू.

ती गर्रकन लवूकडे वळली. जाळ्यांच्या वाटणीवरून तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बाबूच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, अशी लवूने नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती. घ्यायला लावली होती तिनेच.

"खंय जेवलात?"

लवू जमिनीकडे बघत म्हणाला, "वयनीन गोबऱ्या माशाच्या डोक्याचा सार केल्यान हुता. तू बाजारातसून येशीत म्हणान घाईघाईत गिळलंय."

"एकदाच?"

"दर आयतवारी."

"तीन वर्षां?"

"पयलो महिनो सोडून."

हिराने पडलेली पिशवी उचलून त्याच्यावर उगारली. डॉक्टरच मध्ये पडले. "भांडण नंतर करा. आजच पोट उघडायला हवं. आतडं फाटलं तर माणूस हाती लागायचा नाही. रक्तही लागेल. सख्खा भाऊ आहे का कुणी?"

लवूने बायकोकडे बघितलं. बायकोने फिल्मकडे.

मिळालेल्या पहिल्या गाडीने हिरा मालवणात उतरली, ती थेट आनंदीच्या अंगणात. बाबूची बायको आनंदी बांगडे कापत होती. तीन वर्षांनी जाऊ दारात बघून तिच्या हातून बांगडा निसटला.

"वयनी!" हिरा कडाडली. "माझ्या घोवाक जेवक घातलंस ता घातलंस. पण माशाच्या डोक्यातली गरी तरी काढूची! कितक्या वर्षांची रांधपीण तू, आणि मासो साफ करूक येना नाय?"

आनंदी ताडकन उठली. "गरी? पोटात गेली? अरे देवा, माझ्याच हातान!"

त्यावर हिराने तिचा हात धरला. "भावजींका हाक मार गो. रक्त होया. गाडी सुटतली."

बाबू हातातलं जाळं टाकून तसाच धावत आला.

बाबूचं रक्त चढलं, गरी निघाली, लवू वाचला. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून दिली, तेव्हा बाबूने उजेडात धरून निरखली आणि म्हणाला, "माझीच. गंजाक नाय बघ जरासुद्धा."

हल्ली आयतवारी लवू भावाकडे उजळ माथ्याने जेवतो. फक्त सार चुलीवर चढण्याआधी हिरा तिथे जाऊन बसते, आणि माशाचं डोकं आपल्या हाताने फोडते.